कॉलरपट्टीतली गाठ

जुन्या कपड्यांच्या गोदामात तिला सगळे कॉलरताई म्हणतात. हे नाव इथलं नाही, आधीच्या कारखान्यातून तिच्या मागोमाग आलेलं आहे. तिथे ती शर्टाला कॉलर लावायची, म्हणून कॉलरताई. इथे ती कॉलर कापते, म्हणूनही कॉलरताईच. मुकादम म्हणतो, "बघा, नवीन नाव शोधायचे कष्ट वाचले!" ती हसते, पण वरवरचं. आता तुम्हीच सांगा, जिने उमेदीची सगळी वर्षं कॉलरी चढवण्यात घातली, तिच्याच हातात कात्री देऊन उतरव म्हटलं, तर तिने काय पोट धरून हसावं?

गोदामाचं काम तसं डोक्याला ताप देणारं नाही. परदेशातल्या लोकांनी वापरून टाकलेले कपडे जहाजाने येतात, दाबून दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांत. गठ्ठा फोडला की आतून दुसऱ्यांच्या घरांचा वास येतो, साबणाचा, अत्तराचा, बंद कपाटाचा. बाया जमिनीवर गोल करून बसतात आणि कपड्यातलं जे जे कडक ते ते कापून काढतात. बटणं, चेन, कफ, कॉलर. उरलेलं मऊ कापड पलीकडच्या यंत्रात जातं, त्याच्या चिंध्या होतात, चिंध्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्या धाग्याच्या स्वस्तातल्या चादरी निघतात. कॉलरीच्या पोटात ताठपणासाठी बकरमचं कडक अस्तर असतं, ते यंत्राला चालत नाही. म्हणून कॉलरींचा वेगळा ढीग, आणि तो ढीग सरळ भट्टीत.

कॉलरताईची एक खोड मात्र सगळ्यांना ठाऊक झाली आहे. शर्ट हातात आला की ती आधी मानेजवळचं लेबल बघते. त्यावर निळं जहाज असलं, की कात्री खाली ठेवते आणि कॉलरीच्या खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे मिटून. मग सुस्कारा टाकते आणि कापते.

"ताई, शर्टाची नाडी बघतेस होय?" शेजारची चिडवते.

"हो ना. पण सगळेच गेलेले निघतात," कॉलरताई म्हणते.

ती काय शोधते ते तिने तिथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर निळ्या जहाजापासून सुरुवात करावी लागेल.

निळं जहाज म्हणजे परदेशातल्या एका बड्या दुकानाची खूण. त्या दुकानाचे शर्ट गावाबाहेरच्या कारखान्यात शिवले जायचे. कारखाना आला तेव्हा कॉलरताईचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. घरात तिला मान किती, तर उंबऱ्यातल्या पायपुसण्याइतका. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. सासूबाईंचं राज्य. पण कारखान्याला बायाच हव्या होत्या. बायांची बोटं बारीक, बाया खाली मान घालून काम करतात, असं मॅनेजर म्हणायचा. पहिलं खरं होतं. दुसऱ्याबद्दल त्याला पुढे कळलंच.

पहिला पगार तिने सासूबाईंच्या हातात ठेवला आणि त्या दिवशी त्या बाईने सुनेला पहिल्यांदा विचारलं, "काय गं, जेवलीस का?" अहो, इतके दिवस ती काय हवा खात होती? पण कॉलरताईला राग आला नाही. तिला रडू आलं. पुढे पुढे घरात नवीन भांडं आणायचं तरी सासूबाई तिच्या येण्याची वाट बघायला लागल्या. लेक झाली तेव्हा ती त्यांनीच सांभाळली, अगदी जिवापाड. कॉलरताई सकाळी डबा घेऊन निघायची, तेव्हा गल्लीतून तिच्यासारख्याच कितीतरी जणी निघायच्या. सगळ्यांच्या चपलांचा आवाज एक व्हायचा. अजूनही कधी कधी पहाटे तिला तो आवाज ऐकू येतो आणि ती उठून बसते. मग आठवतं.

कारखान्यात तिच्या पुढच्या मशीनवर चिमणी बसायची. खरं नाव मशीनच्या आवाजात कधीच बुडालं होतं. दिवसभर चिवचिव, म्हणून चिमणी. ती बाह्या जोडायची. एकटा जीव, भावाच्या घरी राहणारी, वहिनीचं रोज एक बोलणं खाऊन कामावर येणारी. आल्या आल्या सांगायची, "ताई, आज वहिनीने मला फुकटखाऊ म्हटलं. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही ज्या पंख्याखाली बसून बोलताय ना, तो माझ्या बाह्यांनी आणलाय." असं ती खरंच बोलायची की नुसतं बायांना हसवायला, देव जाणे. पण ऐकताना सगळी ओळ खिदळायची आणि सुपरवायझर शिट्टी फुंकायचा.

चिमणीची एकच इच्छा होती. तिला कॉलरीवर बसायचं होतं. शर्टात कॉलर म्हणजे सगळ्यात अवघड काम. टोक काढताना सुई जराशी सरकली तरी एक कान मोठा, एक कान छोटा. पण चिमणी पडली डावखुरी. मॅनेजर म्हणायचा, "डाव्या हाताला मी कॉलर देत नाही." झालं, विषय संपला. तिने किती गळ घातली, पण हा ढिम्म.

मग कॉलरताईने तिला शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, चोरून. डबा अर्धा खायचा आणि उरलेल्या वेळात उरलेल्या कापडावर कॉलरी. चिमणी सगळं उलट्या टोकाकडून करायची, पण करायची झकास. तिच्या कॉलरीचे कान असे टोकदार निघायचे, की कॉलरताईच्या मनात थोडी असूयासुद्धा यायची. आणि तेव्हाच तिने तिला ती गाठ दाखवली.

गाठीची गोष्ट अशी. मागे एकदा परदेशातून शर्टांची पेटी परत आली, कॉलरी उसवलेल्या म्हणून. बोट कॉलरताईवर उठलं. तिने जीव तोडून सांगितलं, हे माझं काम नाही, हे दुसऱ्या पाळीचं आहे. पण शर्ट काय बोलतोय थोडाच? सगळ्या ओळीचा पगार कापला गेला. त्या दिवसापासून तिने एक केलं. कॉलरपट्टीची शिलाई संपली की उरलेला दोरा कात्रीने तोडायच्या आधी हाताने त्याची गाठ मारायची आणि पट्टीच्या पोटात ढकलून द्यायची. मोहरीएवढी गाठ, काजाच्या बाजूला. बाहेरून काही दिसत नाही, चेकरलाही सापडत नाही. फक्त अंगठ्याला कळतं, आणि तेही ज्याला माहीत आहे त्याच्याच. पुढच्या वेळी पेटी परत आली तेव्हा तिने मॅनेजरसमोर पट्टी उसवून दाखवली. "माझ्या कॉलरीत गाठ असते साहेब. यात आहे का?" नव्हती. मॅनेजरची बोलती बंद.

चिमणीला ते इतकं आवडलं, की तीही गाठ मारायला लागली. पण तिची शिलाई उलटीकडून, त्यामुळे तिची गाठ यायची बटणाच्या बाजूला. कॉलरताई म्हणायची, "अगं, काजाच्या बाजूला मार." चिमणी म्हणायची, "तिथे तू राहतेस. मी पलीकडच्या टोकाला घर केलंय."

मग एके दिवशी मॅनेजरने सगळ्यांना अंगणात उभं केलं. आपले शर्ट ज्या देशात जात होते, त्या देशाने समुद्रापलीकडच्या आणखी एका देशाशी करार केला होता. तिथून येणाऱ्या मालावर आता कर नाही, आपल्या मालावर मात्र आहे. निळं जहाज आता तिकडून माल घेणार. कुणीतरी विचारलं, एका शर्टामागे असा कितीसा फरक पडतो? मॅनेजर म्हणाला, "अर्ध्या कप चहाएवढा."

"अर्ध्या कपासाठी?" चिमणी ओरडली. "मग आम्ही चहा सोडतो की, साहेब!"

कुणाला हसू आलं नाही. तेव्हा पहिल्यांदा चिमणीचा विनोद वाया गेला.

कारखाना बंद झाला. कापड कापणारे आणि इस्त्रीवाले पुरुष गाड्या पकडून दुसऱ्या शहरांत गेले, कुठे ना कुठे लागले. बायांना कोण बोलावणार? त्या आपापल्या घरात परत गेल्या, जणू मधली वर्षं कुणी पुसून टाकली. सासूबाईंनी "जेवलीस का?" विचारणं बंद केलं नाही, खोटं कशाला बोला, पण विचारण्याचा सूर बदलला. चिमणीच्या वहिनीने पंखा आपल्या खोलीत नेला.

कॉलरताई तेव्हा उठता बसता तिकडच्या बायांना शिव्या घालायची. आमच्या तोंडचा घास पळवला म्हणायची. चिमणीने एकदा तिला गप्प केलं. "ताई, हे काम आपल्याकडे आलं ना, तेव्हाही कुठेतरी कुणीतरी आपल्या मशीनवर कापड झाकून घरी गेली असेल. तिची चौकशी केली होतीस कधी?" त्यानंतर कॉलरताईने शिव्या घालणं सोडलं.

आणि मग एजंट आला. समुद्रापलीकडच्या त्या कारखान्याला सराईत हात कमी पडत होते. निळ्या जहाजाचेच शर्ट, तीच मशीनं, राहायची सोय, तीन वर्षांचा करार. चिमणीने उडीच मारली. "काम आपल्याला सोडून गेलं, तर आपण कामाच्या मागे जाऊ. ताई, तू चल. तू नसलीस तर मी तिथे बोलू कुणाशी?" कॉलरताईने घरात विचारलं. नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. सासूबाई म्हणाल्या, पोरीला मी बघते. सगळं ठरलं. दोघींनी एकसारख्या बॅगा घेतल्या, ओळखू याव्यात म्हणून हँडलला एकाच कापडाच्या पट्ट्या बांधल्या.

निघायच्या दिवशी बस उभी होती. चिमणीने खिडकीजवळची जागा धरली, शेजारच्या जागेवर ओढणी टाकून ठेवली. कॉलरताई पायरीवर चढली आणि वळून बघितलं. लेक आजीचं बोट धरून उभी होती. ती रडली असती ना, तर कॉलरताई गेली असती, रडणाऱ्या पोरांना समजावता येतं. पण लेक मोठ्या माणसासारखी म्हणाली, "जा आई. माझी वेणी मी आता शिकलेय घालायला." आणि तिने डोकं वळवून दाखवलं. वेणी वाकडी होती.

ती बॅगेसकट खाली उतरली.

चिमणीने खिडकीतून बघितलं. हाक मारली नाही, रागावली नाही. जिच्या तोंडाला कधी खीळ नव्हती, ती गप्प बसली. शेजारच्या जागेवरची ओढणी उचलून तिने गळ्याभोवती घेतली आणि तोंड पलीकडे फिरवलं. बस गेली.

त्यानंतर तिचा एकच फोन आला. "पोचले. माझ्या शेजारच्या मशीनवर दुसरी बसवलीये. तिची भाषा मला येत नाही," एवढं बोलून ठेवला. मग तो नंबर लागेनासा झाला. करार संपला, चिमणी परत आली नाही. कॉलरताई तिच्या भावाकडे विचारायला गेली तर वहिनी दारातूनच म्हणाली, "आम्हाला काय माहीत?" काय बाई तरी! एखादी खुर्ची हरवली असती तर जास्त शोधली असती.

म्हणून तो अंगठा. गोदामात निळ्या जहाजाचे शर्ट यायला लागले, तेव्हा कॉलरताईने लेबलच्या खालची बारीक अक्षरं बघितली. तिकडच्या देशाचं नाव. तिच्या मनात आलं, यातला एखादा चिमणीच्या हाताखालून गेला असेल. पण चिमणी बाह्यांवर, आणि बाह्यांत कसली खूण? तरी अंगठा ऐकेना. मन वेडं असतं हो. तिला काय हवं होतं, तर चिमणी आहे कुठेतरी, एवढं कळायला हवं होतं. आणि त्याच्याही खाली, जे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नव्हती ते हे, की चिमणीने आपल्याला माफ केलं की त्या खिडकीतच सोडून दिलं?

शर्टांवर शर्ट गेले. पांढरे, निळे, रेघांचे. कात्रीने तिच्या बोटाला घट्टे पडले. लेक कॉलेजात जायला लागली. आता मुकादम सांगायला लागला होता, की जुने कपडे बाहेरून आणण्यावरही बंदी यायची आहे म्हणे, गठ्ठे कधी बंद होतील सांगता येत नाही. बाया म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा घरी?" कॉलरताईने नुसता हात भरभर चालवला, त्या दिवसापासून एकही निळं जहाज तिने दुसरीकडे जाऊ दिलं नाही. शेजारणींच्या ढिगातलेही ओढून घ्यायची.

आणि परवा दुपारी निळ्या जहाजाचा एक फिकट निळा शर्ट हातात आला, लेबलवर तिकडच्या देशाचं नाव. कोपरांशी विरलेला, म्हणजे कुणीतरी प्रेमाने वापरलेला. कॉलरीचे कान मात्र अजून टोकदार. तिने अंगठा टेकवला, नेहमीप्रमाणे काजाकडून नाही, शर्ट उलटा हातात आल्यामुळे बटणाच्या बाजूने.

मोहरी.

तिने अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. आहे. बटणाच्या बाजूला, पट्टीच्या पोटात, अगदी टोकाशी. "अगं बाई, कॉलरीवर बसली!" ती मोठ्याने म्हणाली. "चिमणी कॉलरीवर बसली!"

"कुठली चिमणी?" मुकादमाने मान वर केली. "गोदामात चिमण्या शिरल्या की काय? आणि तुझी कात्री का थांबली?"

"थांबली नाही. दादा, ही एक कॉलर मी नेऊ का?"

"भट्टीतली कॉलर? शर्टाशिवाय नुसती कॉलर घालून कुणाच्या लग्नाला निघालीस?"

"तुमच्याच. वरमाय म्हणून मिरवीन."

सगळ्या बाया हसल्या, मुकादमही हसला आणि म्हणाला, "ने बाई ने, गेटवर माझं नाव सांग." तिने कॉलर कापली. इतक्या हळू तिने आयुष्यात काही कापलं नव्हतं. मग ती मुठीत धरली ती धरलीच. घरी येईपर्यंत सगळा रस्ता ती त्या एकाच टोकावरून अंगठा फिरवत होती. आहे, चिमणी आहे. निदान हा शर्ट शिवला तेव्हा होती, डाव्या हाताने कॉलर शिवत होती, ज्या हाताला इथे कुणी कॉलर दिली नाही. इतकं तर कळलं. पण बसच्या खिडकीतलं ते वळलेलं तोंड काही डोळ्यांसमोरून हलेना. गाठ तिची तिने मारली, त्यात माझं काय? राग गेला का, हे एवढीशी गाठ कसं सांगणार?

घरी लेक चहा ठेवत होती. आईचा चेहरा बघून तिने गॅस बारीक केला. कॉलरताईने कॉलर तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, बसच्या पायरीपासून. लेक ऐकत राहिली. तिची वेणी आता सरळ असते.

"म्हणजे तू माझ्यामुळे उतरलीस," लेक म्हणाली.

"तुझ्या वेणीमुळे," कॉलरताई म्हणाली. "उगाच तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस."

"दाखव कुठे आहे गाठ."

कॉलरताईने तिचा अंगठा धरून टोकावर ठेवला. लेकीला आधी काहीच लागेना. मग तिचे डोळे मोठे झाले. "हां! लागली!" तिला गंमत वाटली असावी, कारण ती थांबली नाही. अंगठा तसाच पट्टीवरून पुढे नेला, मधल्या वळणावरून, पार दुसऱ्या टोकापर्यंत, काजाच्या बाजूला. तिथे तो थबकला.

"आई," ती म्हणाली, "इथे पण आहे."

"काय?"

"गाठ. या टोकालाही आहे. दोन आहेत."

कॉलरताईने कॉलर हातात घेतली. डोळे मिटले. बटणाच्या बाजूला एक. काजाच्या बाजूला एक. दोन्ही मोहरीएवढ्या, दोन्ही एकाच हाताच्या. चिमणी स्वतःची गाठ मारत होती आणि मग शिलाईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ताईची मारत होती, दर कॉलरीला, जिथे ताई राहते तिथे.

चहा उतू गेला. लेक गॅसकडे धावली. कॉलरताई तिथेच खाली बसली, दोन्ही अंगठे दोन्ही टोकांवर ठेवून, आणि कितीतरी वर्षांनी मोकळेपणाने रडली.